दिव्याचं नाव घेऊन पोरांना टोमणे मारू नका

धरमपेठेत क्लासेसचे फ्लेक्स बघा. एकच मंत्र: मेहनत केली की यश मिळतंच. स्पष्ट बोलतो, हे अर्धसत्य आहे.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै 2025 मध्ये, 19व्या वर्षी, जॉर्जियातल्या बटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकली. तेव्हापासून घरोघरी सुरू: "ती करू शकते, तुला काय झालं?"

अहो भाऊ, जरा हिशेब मांडा. सराव? लहानपणापासूनचा, प्रचंड. वादच नाही. परिस्थिती? आईवडील दोघंही डॉक्टर, लेकीच्या खेळामागे ठाम उभे. नशीब? ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म लागतात, तिच्याकडे एकही नव्हता. पण विश्वचषक जिंकला की किताब थेट, असा नियम. अंतिम फेरीचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, निकाल टायब्रेकमध्ये लागला. यानं तिचं कर्तृत्व तसूभर कमी होत नाही. तयारी नसती तर ती संधी वायाच गेली असती.

पण गोकुळपेठ बाजारात संध्याकाळी आईसोबत भाजी विकणाऱ्या पोराला "तू कमी पडलास" म्हणायचा हक्क आपल्याला कोणी दिला? त्याला उपदेश नको, रिकामा वेळ, जागा अन् शिकवणारा माणूस पाहिजे. नशीब आपल्या हातात नाही, पण एवढं तर आहे ना! शाळांच्या खोल्या, सोसायट्यांचे हॉल संध्याकाळी कुलपात पडून असतात. दोन तास उघडा, चार पट मांडा.

तुमच्या सोसायटीचा हॉल बाहेरच्या पोरांसाठी उघडतो का? खाली लिहा.