दिव्यांग बापाची पोटगी आणि लेकराचा हक्क : मेढ्याहून एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय,



जावळी तालुक्यातल्या मेढ्याहून हे पत्र लिहितो आहे. आमच्या खोऱ्यातली घरं मुंबईच्या कमाईवर उभी राहिली. डोंगरउताराच्या शेतीवर भागत नाही, म्हणून घरातलं कुणी ना कुणी मुंबई-नवी मुंबईला असतं, आणि त्यातले कितीतरी बाजारात माथाडीचं काम करतात. वाराईवर, म्हणजे हमालीच्या मजुरीवर, घर चालतं तोवर सगळं ठीक. एकदा मणका गेला किंवा हात-पाय निकामी झाला, की माणूस गावी परततो. कधी त्या ओढाताणीत संसार मोडतो आणि आई मुलांना घेऊन माहेरी जाते. दोष कुणाचा, हे मला ठरवायचं नाही. मला बोलायचं आहे ते त्या मुलांबद्दल.

आई पोटगीचा अर्ज करते. पूर्वी त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आहे. पुरेशी ऐपत असूनही जो लेकरांना सांभाळत नाही, त्याच्याकडून पोटगी घ्यावी, असं कायदा सांगतो. धडधाकट माणसाने अंगमेहनत करावी, पण बायकामुलांना पोसावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अंजू गर्ग खटल्यात बजावलं. रास्तच आहे ते. पण ज्याची अंगमेहनतच संपली, त्याच्या मुलांनी कुणाकडे बघायचं?

2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंना मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. अशा बापाच्या प्रतिज्ञापत्रात उत्पन्नाची एकच ओळ असते : संजय गांधी निराधार अनुदान, दरमहा 2,500 रुपये. 2025 मध्ये दिव्यांगांसाठी तुम्ही ती रक्कम 1,500 वरून वाढवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पोटगी न मिळणारी परित्यक्ता म्हणून आईही त्याच योजनेची लाभार्थी असू शकते, तिला 1,500. म्हणजे आईची फाईल तहसील कार्यालयात, बापाचीही तिथेच, आणि दोघांच्या मुलाची फाईल कुठेच नाही.

बापाने पोटगी थकवली तर वॉरंट निघतं. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते, आणि ती भोगूनही थकबाकी फिटत नाही. कुबड्या घेतलेला माणूस आत गेल्याने मुलाच्या ताटात काय पडतं? उलट न्यायालयाने दया दाखवून पोटगी माफ केली, तरी मुलाच्या ताटात काहीच पडत नाही. दोन्ही वाटांनी उपाशी राहतं ते लेकरूच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अपंगत्वाचा दाखला म्हणजे बापपणातून सुटका नव्हे. ज्याचा पगार चालू आहे, ज्याची बागायत किंवा दुकान आहे, ज्याला नुकसानभरपाईची मोठी रक्कम मिळाली आहे, त्याने पोटगी दिलीच पाहिजे, मग दाखल्यावर कितीही टक्के असोत. माझं म्हणणं आहे ते ज्याच्याकडे अनुदानाशिवाय दुसरं काहीच नाही, त्याच्याबद्दल. ते अनुदान सरकारने एका माणसाच्या पोटापुरतं धरलं आहे. त्यातून दुसरं पोट कसं भरणार?

अमेरिकेत नोकरदार माणूस अपंग झाला आणि त्याला सामाजिक सुरक्षेचं वेतन सुरू झालं, की त्याच्या अल्पवयीन मुलाच्या नावे वेगळी रक्कम मिळू शकते आणि बहुतेक राज्यांत ती पोटगीत धरली जाते. अगदी गरिबांना मिळणाऱ्या अपंग साहाय्याला मात्र पोटगीसाठीही हात लावता येत नाही. आपल्याकडे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत कामगार वारला तर मुलांना वेगळं निवृत्तिवेतन मिळतं, पण तो कायमचा अपंग झाला तर मुलांच्या नावे काही नाही. घराची कमाई तर दोन्ही वेळा बुडालेली असते.

महाराष्ट्राला नव्या योजनेचीही गरज नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा 2,250 रुपये आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये, पालक सांभाळ करण्यास असमर्थ असतील अशा मुलांसाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. अडचण वाटेची आहे. बापाचं अनुदान तहसीलमध्ये, पोटगी न्यायालयात, मुलाची मदत साताऱ्याला बाल कल्याण समितीपुढे. रोजंदारी बुडवून तीन ठिकाणी खेटे घालणाऱ्या आईला तिसरं दार आहे हे कुणी सांगतच नाही.

म्हणून चार मागण्या करतो.

पहिली, दिव्यांगाचं निराधार अनुदान पोटगीच्या वसुलीसाठी जप्त होणार नाही, अशी स्पष्ट तरतूद करा. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या लाभांना 1948 च्या कायद्याने असं संरक्षण केव्हाच दिलं आहे.

दुसरी, संजय गांधी योजनेच्या अर्जात मुलांची नावं आणि ती सध्या कुणाजवळ राहतात, याचा रकाना ठेवा. अनुदान मंजूर झालं की ती यादी तहसीलने जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे स्वतःहून पाठवावी.

तिसरी, एकच पालक दिव्यांग असला आणि आई-बाप वेगळे राहत असले, तरी ते मूल बालसंगोपनाला पात्र आहे, असं शासन निर्णयात निःसंदिग्ध लिहा.

चौथी, पोटगीच्या दाव्यात बाप दिव्यांग असल्याचं दिसताच तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाने मुलाचा अर्जही भरून द्यावा. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्री, बालक आणि दिव्यांग तिघेही मोफत साहाय्याला पात्र आहेत. मग या घरातल्या कुणालाच वकिलाच्या फीची काळजी नको.

स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग महाराष्ट्राने 2022 मध्ये काढला, याचा आम्हाला अभिमान आहे. आता त्या विभागाने आणि महिला व बालविकास विभागाने एकत्र बसून एक शासन निर्णय काढावा. अर्जातला एक रकाना आणि दोन कार्यालयांतला पत्रव्यवहार, एवढ्याने सुरुवात होते. ती पुढच्या शैक्षणिक वर्षाआधी व्हावी, ही कळकळीची विनंती. वह्या-पुस्तकांचा खर्च तेव्हाच उभा राहतो.

आपला,
मेढ्याचा एक रहिवासी
ता. जावळी, जि. सातारा