बॉम्बे हाउसची शंभरी

मुंबईच्या कोट विभागात, होमी मोदी रस्त्यावर, मालाडच्या दगडाची एक चौमजली इमारत उभी आहे. तिला ना उंच मनोरा, ना डोळ्यांत भरणारा घुमट. हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या उद्योगसमूहाचा कारभार या घरातून चालतो, हे नवख्या माणसास सांगावे लागते. या बॉम्बे हाउसला २०२४ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला रतन टाटा निवर्तले आणि या घराकडे साऱ्या देशाचे लक्ष पुन्हा वळले.

बडोदेकरांस हे घर अगदीच परके नाही. जमशेटजी टाटा १८३९ साली जन्मले ते नवसारीस, म्हणजे गायकवाडी मुलखात. बॉम्बे हाउस उभे राहण्यापूर्वी टाटांची मुंबईतील मुख्य कचेरी ज्या इमारतीत होती तिचे नावही ‘नवसारी बिल्डिंग’ असेच होते. १९०७ साली पोलादाच्या कारखान्याचे भाग विक्रीस निघाले, तेव्हा स्वदेशीच्या त्या दिवसांत टाटांच्या कचेरीपुढे सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांची रीघ लागे. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी भागधारकांनी सर्व भांडवल पुरे केले. पुढे कर्जरोख्यांची वेळ आली तेव्हा ती सारी रक्कम एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी उचलली. १९३९ साली टाटांचा रसायनांचा कारखाना मिठापूरला निघाला, तोही बडोदे राज्याच्या ओखामंडळातच. सारांश, या घराच्या भाग्यात संस्थानी प्रजेचा आणि राजांचा वाटा लहान नाही.

बॉम्बे हाउसचे शिल्पकार जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडिया व प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम यांचेही तेच शिल्पकार. त्या दोन वास्तूंत विटेट यांनी गुजरातच्या आणि विजापूरच्या जुन्या बांधकामांकडे पाहिले. येथे मात्र त्यांनी तो सारा थाट बाजूला ठेवला. साधी भिंत, प्रमाणबद्ध खिडक्या आणि इंग्रजी वळणाचे संयत दर्शन, एवढ्यावरच भागविले. गेटवे पाहुण्यांच्या स्वागतासाठी होता; हे घर कामासाठी होते. दोन्ही वास्तू १९२४ सालच्याच.

परंतु ते वर्ष वास्तुशांतीच्या आनंदाचे नव्हते. महायुद्ध संपल्यावर पोलादाचे भाव कोसळले, परदेशी माल स्वस्तात येऊ लागला आणि जमशेदपूरच्या कामगारांचा पगार देण्यास तिजोरीत पैसा उरला नाही. तेव्हा सर दोराबजी टाटांनी आपली खासगी मालमत्ता, पत्नी मेहेरबाईंच्या प्रसिद्ध ज्युबिली हिऱ्यासह, इंपीरियल बँकेकडे गहाण टाकून एक कोटी रुपयांचे कर्ज उभारले. त्याच वर्षी सरकारने पोलादधंद्यास संरक्षण देणारा कायदा केला आणि कारखाना तगला. नव्या घराचा साधेपणा पाहताना ही हकीकत स्मरणात ठेवावी.

आता प्रश्न असा की, अशा घराचे पुढे काय करावयाचे? मुंबईतील कित्येक कंपन्यांनी कोट सोडून वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारती जवळ केल्या. टाटांनी तसे केले नाही. २०१७ साली घर रिकामे करून त्यांनी त्याचे नूतनीकरण करविले. वास्तुतज्ज्ञ ब्रिंदा सोमया यांच्या देखरेखीखाली आतील व्यवस्था नवी झाली, बाहेरचा चेहरा कायम राहिला. २९ जुलै २०१८ रोजी, जे. आर. डी. टाटांच्या जन्मदिनी, ते पुन्हा उघडले. दाराशी वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीही आत एक स्वतंत्र खोली झाली.

तथापि कौतुक करताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८७७ साली नागपूरला सुरू झालेली एम्प्रेस मिल ही जमशेटजींची खरी कर्मभूमी. ती १९८६ साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद पडली आणि तिच्या आवारात पुढे बाजारसंकुल उभे राहिले. मालकाची कचेरी टिकते आणि मजुराचे कामाचे ठिकाण पुसले जाते, हा आपल्याकडील जतनाचा रिवाजच होऊन बसला आहे. कचेरीचे काम चालू होते आणि खर्च सोसणारा धनी तेथेच होता. गिरणीला दोन्ही उरले नव्हते.

यातून बडोद्याने काही शिकावयाचे असेल तर ते हेच. आपले न्यायमंदिर चिझम साहेबांनी १८९६ साली बाजारासाठी म्हणून बांधले. पुढे तेथे न्यायालय आले, म्हणून ते शतकाहून अधिक काळ नांदते राहिले. २०१८ साली, म्हणजे बॉम्बे हाउसमध्ये माणसे परतली त्याच वर्षी, न्यायमंदिरातून न्यायालये नव्या जागी गेली. दगड दोन्हीकडे मजबूत आहे. फरक आहे तो वावराचा. बाजाराचे न्यायालय होऊ शकले, तर न्यायालयाचेही आणखी काही होऊ शकते. मात्र तेथे रोज माणसांची ये-जा राहील असेच काम शोधावे लागेल, कारण नुसत्या रंगरंगोटीने वास्तू जगत नाही. बॉम्बे हाउसला धनी होता. न्यायमंदिराचे धनी आपण सारे नागरिक आहोत, आणि अनेक धन्यांच्या घराची निगा कोणीच राखत नाही, हा अनुभव जुन्या वाड्यांत वाढलेल्या आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.