पाणी समाजाचे, वाट कोणाची?

पवना, वरसगाव यांसारख्या जलाशयांच्या काठच्या जमिनींना गेल्या काही दशकांत सोन्याचे मोल आले आहे. बंगले व रिसॉर्ट उभे राहतात, कुंपणे पडतात आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाण्यावर नेणाऱ्या, गणेशविसर्जनासाठी काठावर जमणाऱ्या ग्रामस्थाची वाट बंद होते. पाणी समोर दिसते, पण पोहोचता येत नाही!

कायदा याविषयी काय सांगतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार, ज्यांवर कोणाची मालकी नाही अशा नद्या, सरोवरे व तलावांचे तळ शासनाचे आहेत. बियास नदीकाठची वनजमीन कमलनाथ यांच्या कुटुंबाशी संबंधित कंपनीला भाडेपट्ट्याने देण्यात आली, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पट्टा रद्द केला. शासन हे निसर्गसंपत्तीचे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. २००६ मध्ये तिरुपतीच्या तलावांबाबतही न्यायालयाने तेच तत्त्व लावले. मात्र पाण्यापर्यंतच्या वाटेचा प्रश्न तसाच राहतो. संहितेचे कलम १४३ शेतकऱ्याला बांधावरून शेतात जाण्याचा मार्ग देते. सर्वसामान्यांना जलाशयाकडे नेणारी अशी तरतूद तिच्यात नाही.

पाण्याची वाट अडवण्याचे दुष्परिणाम महाराष्ट्राला नवे नाहीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा विरोधकांनी तळे खासगी असल्याचा दावा न्यायालयात केला. तो टिकला नाही. १९३७ मध्ये उच्च न्यायालयातही बाबासाहेबांचाच विजय झाला. पाणवठ्यावरील भेद हा हिंदू समाजाच्या एकात्मतेवरील घाव होता. जातीच्या भिंतीची जागा आता पैशाच्या भिंतीने घेऊ नये. घाट बांधून नदी सर्वांसाठी खुली करणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा वारसा हेच सांगतो.

खासगी मालमत्तेचा आदर राखलाच पाहिजे. कोणाच्या अंगणातून वाट काढा, असे कोणी म्हणत नाही. परंतु काठावरील प्रकल्पाला मंजुरी देतानाच पाण्यापर्यंतची सार्वजनिक वाट नकाशावर आखणे शासनाने बंधनकारक करावे. कार्यकर्त्यांनीही गावनकाशांवरील जुन्या पाणंदी शोधून ग्रामसभेत हा विषय मांडावा. मात्र हक्कासोबत कर्तव्यही येते. खुला झालेला काठ स्वच्छ राखण्याची शिस्त समाजानेच स्वतःला लावून घेतली पाहिजे.