पगार वाजवी, किंमत अवाजवी

२५ नोव्हेंबर २०१३ रोजी लॉस एंजेलिस लेकर्सनं बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटशी दोन वर्षांचा, ४ कोटी ८५ लाख डॉलरचा नवा करार जाहीर केला. कोबी तेव्हा ३५ वर्षांचा होता. सात महिन्यांपूर्वी त्याच्या टाचेजवळची अकिलिस शीर तुटली होती आणि त्यानंतर तो एकही सामना खेळलेला नव्हता. डिसेंबरात तो परतला, सहा सामने खेळला आणि गुडघ्याचं हाड मोडून घेऊन पुन्हा बाकावर जाऊन बसला. नव्या कराराच्या दोन हंगामांत लेकर्सनं २१ आणि १७ सामने जिंकले. हरले ६१ आणि ६५. तेव्हापासून एनबीएतल्या कोणत्याही पस्तिशीपारच्या खेळाडूला घसघशीत रक्कम देण्याची गोष्ट निघाली की कोबीचा हा करार साक्षीला उभा केला जातो.

विरोधकांचे आक्षेप तीन. पहिला असा की, पगार उद्याच्या खेळासाठी असतो. कालच्या पराक्रमाची बिदागी वाटायला संघ म्हणजे काही संस्थान नाही. दुसरा: एनबीएत वेतनमर्यादा आहे, एकट्या खेळाडूनं तिचा तिसरा हिस्सा गिळला तर बाकीचा संघ उभा करायचा कशातून? आणि तिसरा: असा महागडा ज्येष्ठ संघात असला की अफवांना ऊत येतो. त्याला विकणार, त्याच्यासाठी कुणाला तरी आणणार, त्यापायी कुणाचा तरी बळी देणार, या कुजबुजीत हंगाम वाया जातो. तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पण दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असं त्यांचं झालं आहे.

पहिल्या आक्षेपामागचं गृहीतक असं, की एनबीएत तरुणाला त्याच्या खेळाच्या मोलाचा पगार मिळतो आणि म्हाताऱ्याला मोलापेक्षा जास्त. यातला पहिला भागच खोटा आहे. मायकेल जॉर्डननं १९८८ मध्ये आठ वर्षांचा, अडीच कोटी डॉलरचा करार केला. त्या आठ वर्षांत त्यानं शिकागो बुल्सला चार विजेतेपदं मिळवून दिली, आणि १९९५-९६ मध्ये, म्हणजे ७२ विजयांच्या त्या हंगामातही, त्याचा पगार ४० लाख डॉलरच्या आतच होता. मग १९९६-९७ साठी बुल्सनं त्याला ३ कोटी १ लाख दिले आणि पुढच्या वर्षी ३ कोटी ३१ लाख. तेव्हा पूर्ण संघाची वेतनमर्यादा २ कोटी ४३ लाख आणि २ कोटी ६९ लाख होती. एका माणसाचा पगार सबंध संघाच्या मर्यादेहून मोठा! जॉर्डन ३३ आणि ३४ वर्षांचा होता, आणि ती दोन्ही वर्षं बुल्स विजेते ठरले. त्या सहा कोटींकडे तेवढ्या दोन वर्षांचा मोबदला म्हणून पाहिलं तर डोळे फिरतात. आधीच्या आठ वर्षांची थकबाकी म्हणून पाहिलं तर ते कमीच वाटतात.

मालकांनी यातून बोध घेतला तो आपल्या सोयीचा. १९९८-९९ च्या टाळेबंदीनंतर वैयक्तिक पगारावर कमाल मर्यादा आली. आजचा नियम असा: लीगमध्ये सहा वर्षांपर्यंत खेळलेल्या खेळाडूला वेतनमर्यादेच्या साधारण २५ टक्के, सात ते नऊ वर्षांच्या खेळाडूला ३० टक्के आणि दहा वर्षं पूर्ण केलेल्याला ३५ टक्के. नवख्यांचे पगार तर ठरीव तक्त्यानुसार. म्हणजे गुडघे ताजे असतात तेव्हा हात बांधलेले, आणि गुडघे कुरकुरू लागले की दार उघडणार. स्टीफन करी २०१५-१६ मध्ये एकमतानं सर्वोत्तम खेळाडू ठरला, गोल्डन स्टेटनं विक्रमी ७३ सामने जिंकले. त्या वर्षी त्याचा पगार १ कोटी १४ लाख डॉलर होता आणि त्याच संघातल्या क्ले थॉम्पसन व ड्रेमंड ग्रीन यांना त्याच्याहून जास्त मिळत होते. घोट्याच्या दुखापतींमुळे २०१२ मध्ये तो ४ कोटी ४० लाखांत चार वर्षांसाठी बांधला गेला होता. पुढे २०२१ मध्ये, ३३ व्या वर्षी, त्याच्याशी २१ कोटी ५० लाखांचा करार झाला. तो लागू होण्याआधीच, सहीनंतरच्या पहिल्या हंगामात, २०२२ ला, त्यानं विजेतेपद आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला. याला बिदागी म्हणायचं तर शब्दकोश बदलावा लागेल.

आणि ही रक्कम येते कुठून? एनबीएच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा, हे सामूहिक करारातच ठरलेलं आहे. पगारांची बेरीज त्यापुढे गेली तर दर पगारातून राखून ठेवलेल्या रकमेतून मालक आपली वसुली करतात. कोबीला किंवा लेब्रॉन जेम्सला कमी दिल्यानं तिकीट स्वस्त होत नाही. ती रक्कम दुसऱ्या खेळाडूकडे जाते.

हा दुसरा खेळाडू कोण, यावर दुसऱ्या आक्षेपाचा निकाल लागतो. लेकर्सच्या हिशेबात २०१६ च्या उन्हाळ्यात कोबी नव्हता, तिजोरी मोकळी होती. त्यांनी ३१ वर्षांच्या लुओल डेंगला चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख दिले. तो लेकर्सकडून ५७ सामने खेळला. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सनं तेवढ्याच रकमेला, तेवढ्याच वर्षांसाठी, तेवढ्याच वयाच्या जोआकिम नोआला घेतलं. तो ५३ सामने खेळला. दोघेही एके काळचे उत्तम खेळाडू, पण संघ ज्याच्याभोवती फिरतो असे तारे नव्हेत. आणि कोबीच्या पगारानं लेकर्सचे हात बांधले होते असंही नाही. २०१४ मध्ये कार्मेलो अँथनीला आणि २०१५ मध्ये लामार्कस ऑल्ड्रिजला घेण्याइतकी जागा त्यांच्याकडे होती. एक न्यूयॉर्कमध्येच राहिला, दुसरा सॅन अँटोनियोला गेला.

खरोखर बुडालेल्या करारांची वयं पाहिली तर चित्र आणखी उलटं दिसतं. वॉशिंग्टननं गिल्बर्ट अरिनासला २००८ मध्ये सहा वर्षांसाठी ११ कोटी १० लाख दिले तेव्हा तो २६ वर्षांचा होता. जॉन वॉलशी त्याच संघानं २०१७ मध्ये चार वर्षांचा सुमारे १७ कोटींचा करार केला, तेव्हा तोही २६ चाच. पोर्टलंडचा ब्रँडन रॉय तर पंचविशीत मोठा करार करून दोन वर्षांत गुडघ्यांपायी निवृत्त झाला. या तिघांना वयानं नाही, दुखापतींनी खाल्लं.

म्हणून विरोधकांची सर्वांत भक्कम साक्ष कोबीची नव्हे, डेमियन लिलार्डची आहे. पोर्टलंडनं २०२२ मध्ये त्याला दोन वर्षांची, १२ कोटी २० लाखांची मुदतवाढ दिली. ती सुरू होण्याआधीच तो मिलवॉकीला गेला, एप्रिल २०२५ मध्ये त्याची अकिलिस शीर तुटली, आणि जुलैत मिलवॉकीनं त्याला मोकळं करून उरलेले सुमारे ११ कोटी ३० लाख पाच वर्षांत विभागले. वर्षाला सव्वादोन कोटींहून जास्त रक्कम, संघात नसलेल्या खेळाडूच्या नावावर. हे नुकसान खरं आहे आणि झाकण्यात अर्थ नाही. २०२३ च्या सामूहिक करारानं तर ते जास्तच बोचरं केलं. ‘सेकंड एप्रन’ नावाची जी वरची रेषा आली, ती ओलांडणाऱ्या संघाला दोन-तीन पगार एकत्र करून एका मोठ्या खेळाडूशी अदलाबदल करता येत नाही, आणि नवखे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक ड्राफ्टमधली त्याची सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठते. २०२४ चं विजेतेपद मिळवलेल्या बॉस्टननं वर्षभरातच ३५ वर्षांच्या ज्रू हॉलिडेला सोडलं, ते याच हिशेबापायी.

पण मिलवॉकीनं लिलार्डसाठी दिलं काय, तेही मोजायला हवं. हाच ज्रू हॉलिडे, २०२९ ची पहिल्या फेरीची निवड, शिवाय २०२८ आणि २०३० मध्ये निवडींची अदलाबदल करण्याचा हक्क. पोर्टलंडनं हॉलिडेला लगेच बॉस्टनला धाडलं आणि तो तिथे विजेता झाला. लिलार्डचा पगार पाच वर्षांत फिटेल. दिलेल्या निवडी फिटणाऱ्या नाहीत.

इथे तिसऱ्या आक्षेपाशी, अफवांशी, गाठ पडते. त्यांचं नुकसान किती होतं ते ५ फेब्रुवारी २०१९ ला इंडियानापोलिसमध्ये दिसलं. अँथनी डेव्हिसनं न्यू ऑर्लीन्स सोडायची इच्छा एजंटामार्फत जाहीर केली होती. त्याबद्दल लीगनं त्याला ५० हजार डॉलरचा दंडही ठोठावला. लेकर्स त्याच्या बदल्यात कुणाकुणाला द्यायला तयार आहेत, याच्या नावानिशी याद्या रोज छापून येत होत्या. त्या रात्री लेब्रॉनचा लेकर्समधला सहकारी ब्रँडन इंग्रॅम फ्री थ्रो टाकायला रेषेवर उभा राहिला तेव्हा प्रेक्षकांनी एका सुरात घोष धरला: ‘लेब्रॉन तुला विकणार!’ त्याच संघसहकाऱ्यांबरोबर, त्याच बाकावरून इंग्रॅमला पुढचे महिने काढायचे होते. लेकर्स ४२ गुणांनी हरले आणि हंगामाअखेर प्लेऑफबाहेर राहिले. उन्हाळ्यात इंग्रॅम खरंच विकला गेला.

ती अफवा खरी ठरली, पण एवढ्यावरून अफवांना पंचांग मानायचं कारण नाही. लिलार्ड २०२३ चा सबंध उन्हाळा बातम्यांमध्ये मायामीला निघालेला होता, पोचला मिलवॉकीला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसनं २५ वर्षांच्या लुका डॉन्चिचला लेकर्सकडे देऊन ३१ वर्षांचा डेव्हिस घेतला, तेव्हा चकार शब्द कुठे आला नव्हता. बातमी देणाऱ्या शॅम्स शरानियाचं खातं कुणीतरी चोरलं असावं, असंच लोकांना आधी वाटलं. ज्याला सौदा खरोखर करायचा असतो तो तोंड मिटून करतो. बाहेर जे झिरपतं ते बहुतेकदा भाव चढवायला किंवा पाडायला: एजंटाला दुसरं गिऱ्हाईक दाखवायचं असतं, नाहीतर संघाला आपल्याच खेळाडूची नाराजी आधी पसरवून ठेवायची असते.

या भाव चढवण्यात गिऱ्हाईक घायकुतीला येतं, आणि पगाराच्या वर भलतंच काही देऊन बसतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ब्रुकलिननं २०१३ मध्ये ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स आणला. त्यांचे पगार केव्हाच संपले. पण सोबत बॉस्टनला दिलेल्या पहिल्या फेरीच्या निवडी संपल्या नाहीत. त्यांतूनच २०१६ मध्ये जेलन ब्राउन आणि २०१७ मध्ये जेसन टेटम बॉस्टनला मिळाले. त्या दोघांनी २०२४ चा करंडक उचलला.

उलट बाजूचा पुरावा ख्रिस पॉलचा. ह्यूस्टननं २०१८ मध्ये, तो ३३ वर्षांचा असताना, त्याच्याशी चार वर्षांचा सुमारे १६ कोटींचा करार केला. वर्षभरात तो लीगमधला सर्वांत वाईट करार म्हणून ओळखला जाऊ लागला. इतका, की रसेल वेस्टब्रूकच्या बदल्यात ह्यूस्टननं पॉलसोबत ओक्लाहोमा सिटीला पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि दोन अदलाबदलीचे हक्क वरकड दिले. ओक्लाहोमा त्या हंगामात गाळात जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. संघानं ४४ सामने जिंकले, आणि प्लेऑफमध्ये खुद्द ह्यूस्टनला सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. पॉलच्या शेजारी खेळत होता २१ वर्षांचा शे गिल्जस-अलेक्झांडर, जो २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि विजेता झाला. पॉल पुढे फिनिक्सला गेला; आदल्या हंगामात ३४ विजय मिळवलेल्या त्या संघानं ७२ सामन्यांत ५१ जिंकले आणि तो थेट अंतिम फेरीत धडकला. करार तोच, रक्कम तीच, वय दोन वर्षांनी वाढलेलं.

तेव्हा ज्येष्ठ ताऱ्याला पूर्ण पगार द्यावा, बिनदिक्कत द्यावा. आखडता हात घ्यायचा तो दुसऱ्या तीन गोष्टींत. पहिली, वर्षं. लेब्रॉन जेम्सनं २०१८ च्या चार वर्षांनंतर लेकर्सशी दोन-दोन वर्षांचेच करार केले, आणि ४० व्या वर्षी तो लीगच्या त्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या संघात निवडला गेला. दुसरी, वेळ. कोबीच्या करारातली खरी चूक रक्कम नव्हती. तो पाय टेकून एक सामना खेळेपर्यंत थांबण्याइतकीही कळ लेकर्सनं काढली नाही. आणि तिसरी, अदलाबदलीवरचा नकाराधिकार. ब्रॅडली बीलला वॉशिंग्टननं २०२२ मध्ये पाच वर्षं, २५ कोटी १० लाख आणि वर हा अधिकार दिला. तो अधिकार त्याच्याबरोबर फिनिक्सला गेला, तिथून बीलला हलवता येईना, आणि २०२५ मध्ये त्याला मोकळं केल्यावरही पुढची पाच वर्षं त्याचं नाव फिनिक्सच्या खात्यात राहणार आहे. हा करार झाला तेव्हा बील २९ वर्षांचा होता.

फिनिक्सनंच हा सगळा वाद एका माणसावर करून दाखवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ३४ वर्षांच्या केव्हिन ड्युरंटसाठी त्यांनी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर आणि पहिल्या फेरीच्या चार बिनशर्त निवडी ब्रुकलिनला दिल्या. ड्युरंटनं आपलं काम चोख केलं. २०२४-२५ मध्येही तो सामन्यामागे २६.६ गुण काढत होता. संघ मात्र आजूबाजूनं रिकामा झाला होता. तीन हंगामांत प्लेऑफची एकच मालिका जिंकता आली, आणि शेवटच्या वर्षी ३६ विजयांवर गाडी थांबली. २०२५ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टननं तोच ड्युरंट, ५ कोटींहून जास्त पगारासकट, जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, दहावी निवड आणि दुसऱ्या फेरीच्या पाच निवडी देऊन घेतला. ऑक्टोबरात त्याच्याशी दोन वर्षांचा, ९ कोटींपर्यंतचा करार केला. नियमानं त्याला १२ कोटींच्या आसपास मागता आले असते. आणि फिनिक्सच्या हाती आलेली ती दहावी निवड मुळात फिनिक्सचीच होती. ड्युरंटला आणताना ब्रुकलिनला दिलेली, तिथून ह्यूस्टनला पोचलेली, आणि आता ड्युरंटलाच देऊन परत मिळवलेली.