पक्षी नाहीसा झाला, नाव उरले : रायातेआच्या 'कस्तुरा'ची कागदपत्रे

१/ फ्रेंच पॉलिनेशियातील रायातेआ बेट. कुककालीन युरोपीय कागदांत त्याचे नाव 'उलिएतेआ' असे येते. १ जून १७७४ रोजी तेथे एका तांबूस-तपकिरी पक्ष्याचे चित्र काढले गेले. आज तो पक्षी नाही आणि त्याचा एकही नमुना उरलेला नाही. तरीही नामशेष पक्ष्यांच्या सूचीत त्याला निश्चित नाव आणि निश्चित कुळ आहे. माझा आक्षेप या दुसऱ्या निश्चितीवर आहे.

२/ चित्रकार गेओर्ग फॉर्स्टर, वय १९. जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीत तो वडील योहान राइनहोल्ड फॉर्स्टर यांच्यासह 'रेझोल्यूशन' जहाजावर होता. मुलाने चित्र काढले, वडिलांनी वर्णन लिहिले. प्रत्यक्षदर्शींची ही समकालीन, म्हणजे अस्सल साधने.

३/ लंडनमध्ये जोसेफ बँक्स यांच्या संग्रहातील नमुना पाहून जॉन लॅथम यांनी या पक्ष्याचे वर्णन छापले. त्यांनी नाव मात्र इंग्रजीच दिले : 'बे थ्रश', म्हणजे तांबूस कस्तूर. तो नमुना पुढे हरवला.

४/ १७८९ मध्ये योहान फ्रीडरिश ग्मेलिन यांनी लिनियसच्या 'सिस्टिमा नॅचुरी'च्या १३व्या आवृत्तीत लॅथमच्या वर्णनावरून लॅटिन नाव दिले : 'टुर्डस उलिएटेन्सिस'. ग्मेलिन यांनी तो पक्षी पाहिलाच नव्हता.

५/ लॅथम यांचा लॅटिन नावांचा ग्रंथ १७९० मध्ये निघाला; तोवर उशीर झाला होता. थोरल्या फॉर्स्टरांचे हस्तलिखित तर त्यांच्या मृत्यूनंतर ४६ वर्षांनी, १८४४ मध्ये छापले गेले. त्यांचे नाव होते 'टुर्डस बाडियस'. अग्रक्रमाच्या नियमाने मान ग्मेलिन यांना मिळाला.

६/ हा अन्याय आहे का? मला तसे वाटत नाही. आधी छापलेले नाव ग्राह्य धरले नाही, तर प्रत्येक पिढी नवी नावे देत बसेल. मात्र हा नियम नावापुरता आहे. पक्षी कोणत्या कुळातला, याचा निवाडा तो करत नाही.

७/ गोंधळ येथेच होतो. अठराव्या शतकात 'टुर्डस' ही मोठी टोपली होती. एकमेकांशी नाते नसलेले अनेक पक्षी तीत टाकले गेले. पुढे कोणी या पक्ष्याला मधुभक्षी मानले. आज तो बहुधा मैना-साळुंकीच्या कुळात, 'अ‍ॅप्लोनिस' या प्रजातीत ठेवतात. हाड नाही, पीस नाही, डीएनए नाही. आहेत ती एक चित्र आणि जुनी वर्णने.

८/ तुलनेसाठी दुसरे प्रकरण पाहा. लंडनच्या संग्रहालयात 'अ‍ॅप्लोनिस माव्होर्नाटा'चा एकमेव नमुना आहे. त्याचे मूळ बेट दीर्घकाळ अज्ञात होते. काहींनी त्याचा संबंध रायातेआशीही जोडला. १९८६ मध्ये स्टॉर्स ओल्सन यांनी अँड्र्यू ब्लॉक्सम यांच्या टिपणांवरून दाखवून दिले की तो १८२५ मध्ये कुक द्वीपसमूहातील माउके बेटावर मिळाला होता. नमुना आणि कागद दोन्ही शिल्लक होते, म्हणून कोडे सुटले.

९/ 'सूचीत कुठेतरी जागा द्यावीच लागते,' असे कोणी म्हणेल. ते मान्य. पण त्या जागेपुढे 'अनुमानाने' हा शब्द हवा. नकलेवरून केलेल्या नकलेला आपण अस्सल पत्राचा दर्जा देत नाही. हीच शिस्त पक्ष्यांच्या इतिहासालाही लागू करावी.

१०/ तेव्हा या पक्ष्याचे एखादे नवे, देखणे चित्र 'नामशेष कस्तूर' किंवा 'नामशेष मैना' म्हणून तुमच्यासमोर आले, तर पुढे पाठवण्यापूर्वी विचारा : हे कशावरून? उंदरांसारख्या उपऱ्या प्राण्यांनी तो बहुधा संपवला. त्याच्याविषयी जे थोडे ठाऊक आहे, त्यात आपल्या कल्पनेची भर तरी नको.