उंदराचे ईमान कोण तपासणार?

आपल्या समाजात एक निदान फार स्वस्त झाले आहे. कुणाला महिनोन्‌महिने झोप लागत नाही, छाती धडधडते, कामात मन लागत नाही, की आजूबाजूचे लगेच सांगतात, "ईमान कमजोर हो गया है." बाई असेल तर "किसी ने कुछ कर दिया." या निदानाला माझा साफ विरोध आहे, आणि माझ्या बाजूचा साक्षीदार आहे उंदीर.

1936 साली मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेली या शास्त्रज्ञाने उंदरांना थंडीत ठेवले, अतिश्रम करायला लावले, विषारी द्रव्यांचे थोडे थोडे डोस दिले. त्रास वेगवेगळे, पण शरीरात घडले एकच: मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आकसली, पोटात व्रण पडले. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना रोज 6 तास, असे 21 दिवस अरुंद जागेत अडकवले गेले. मेंदूत स्मरणशक्ती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. तिथल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या दिसल्या.

1987 मध्ये पॉल विलनर यांनी तर मारझोडही केली नाही. ओला भुसा, तिरका पिंजरा, अवेळी दिवा, अशी रोजची किरकिर काही आठवडे चालू ठेवली. उंदरांची गोड पाण्याची आवडच गेली. नैराश्यावरचे औषध काही आठवडे दिल्यावर ती परत आली.

आत काय घडते? मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण तो प्राणवायू खातो सुमारे 20 टक्के. चूल पेटली की धूर होणारच. मेंदूतही असा 'धूर' तयार होतो, आणि तो निपटायला सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथिओन अशी यंत्रणा असते. दीर्घ तणावाच्या अनेक प्रयोगांत उंदरांच्या मेंदूतली ही यंत्रणा दुबळी झालेली आणि पेशींमधली चरबी खराब झालेली आढळली. सेरोटोनिन, डोपामिन या रसायनांचा तोलही बिघडतो.

कुणी म्हणेल, माणूस म्हणजे उंदीर नव्हे. अगदी बरोबर! माझा मुद्दा नेमका तिथेच आहे. उंदराने नमाज चुकवलेली नसते, त्याला तक्दीरीचा राग नसतो, त्याच्यावर कुणी करणीही करत नाही. तरी त्याचा मेंदू थकतो. मग तोच थकवा माणसात दिसला की आपण त्याचे ईमान तपासायला का बसतो?

सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) यांचे डोळे मुलाच्या दुःखाने पांढरे झाल्याचा उल्लेख आहे. पैगंबरांचे शरीरही दुःखाने झिजते, असे कुरआन सांगते. त्यांच्या ईमानाबद्दल बोलायची कुणाची हिंमत आहे? दहाव्या शतकात वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आजारांवर एकाच ग्रंथात लिहिले. 1284 साली कैरोत उभ्या राहिलेल्या कलावूनच्या रुग्णालयात मनोरुग्णांवरही उपचार होत. हा वारसा आपला, आणि आज आपण ताईत बांधून मोकळे होतो.

आमचे पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यातले. याच बुलढाणा जिल्ह्यात, पिंपळगाव सराईजवळ, सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, हिंदू-मुसलमान दोघेही मनोरुग्णांना घेऊन येतात. श्रद्धेला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दुआ आली म्हणून दवा थांबवण्याला. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या अशाच एका ठिकाणी आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून दवा आणि दुआ एकत्र चालवून दाखवली गेली. मग सैलानीत ते का होऊ नये?

आता उरलेल्या अर्ध्या मुद्द्याकडे येतो, कारण सगळा दोष मौलाना आणि आमिलांवर टाकणे सोपे आहे. अमेरिकेत जे वाइस यांनी उंदरांना विजेचे सारखेच झटके दिले. ज्यांना आधी इशारा मिळत होता त्यांच्या पोटात व्रण कमी, ज्यांना काहीच कळत नव्हते त्यांना कितीतरी जास्त. म्हणजे झटक्याइतकीच अनिश्चितताही मारते. आमच्या भागातला कापूस-सोयाबीनवाला शेतकरी याच पिंजऱ्यात आहे: पाऊस कधी, भाव किती, कर्जमाफी होणार की नाही, काही कळत नाही. दूरच्या शहरातल्या दंग्याचा व्हिडिओ मोबाईलवर आला की आपल्या गल्लीत काय होईल, या विचाराने जागणारा मुसलमानही त्याच पिंजऱ्यात आहे. सरकारने समुपदेशक द्यावा, पण पिंजरा तसाच ठेवून समुपदेशन करणे ही फसवणूक आहे. बाजारातल्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांनीही पिंजरा उघडत नाही.

दिलासाही उंदरानेच दिला आहे. तणाव थांबला की हिप्पोकॅम्पसमधल्या त्या आखडलेल्या फांद्या पुन्हा वाढतात. म्हणजे नुकसान कायमचेच असते असे नाही, पण कुणीतरी वेळेवर दार उघडायला हवे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जुम्याच्या बयानात टेली-मानसचा 14416 हा मोफत सरकारी नंबर सांगा, मशिदीच्या फलकावर लिहा. सैलानीच्या यात्रेत मनोविकार डॉक्टरांचा तंबू लावा. शाळेत गप्प झालेल्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी घरची परिस्थिती विचारा. आणि सब्राचा उपदेश करण्याआधी त्या माणसाला दवाखान्यापर्यंत सोबत द्या. सब्र म्हणजे उपचार टाळणे, असे दीनने कुठेही शिकवलेले नाही.