घोळदार झगा आणि शिखर



गिर्यारोहणाच्या इतिहासात दोर, बर्फाची कुऱ्हाड, खिळ्यांचे बूट, प्राणवायूची नळकांडी यांच्या प्रगतीची भरपूर माहिती मिळते. तोच इतिहास मी बाईच्या बाजूने वाचू लागले, तेव्हा एक वेगळा प्रश्न पुढे आला: ही साधने बनवताना कोणाचे शरीर डोळ्यांपुढे होते?

१८०८ साली शामोनी गावची मोलकरीण मारी पारादी आल्प्समधल्या सर्वांत उंच अशा माँ ब्लाँ शिखरावर पोचली. १८३८ साली आंरिएत दांजव्हील तिथे चढली, ती विजारीवर झगा चढवून. १८७१ साली ल्यूसी वॉकरने मॅटरहॉर्न सर केले, तेही झग्यातच. बर्फात भिजून जड झालेला घोळ सावरत कडा चढायचा! एलिझाबेथ ल ब्लाँ गावाच्या नजरेआड झाली की स्कर्ट उतरवून आतल्या विजारीत चढायची. लंडनच्या अल्पाइन क्लबची स्थापना १८५७ची. बायकांसाठी त्याची दारे १९७४पर्यंत बंदच होती. म्हणून १९०७ साली बायकांनी आपला वेगळा क्लब काढला. त्याची पहिली अध्यक्ष हीच ल ब्लाँ. १९१२ साली सियाचिन हिमनदीवर फॅनी बुलक वर्कमनने 'बायकांना मताधिकार' असा मथळा असलेले वृत्तपत्र हाती धरून छायाचित्र काढून घेतले. डोंगरावरची लढाई आणि गावातली लढाई वेगळ्या नव्हत्याच.

जपानच्या जुन्को ताबेईने १९६९ साली बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला. एव्हरेस्टसाठी पैसे मागितले तर 'मुले सांभाळा' असे ऐकावे लागले. मग या मैत्रिणींनी मोटारीच्या आसनांच्या आच्छादनांपासून हातमोजे शिवले, चीनहून हंसाची पिसे आणून झोपायच्या पिशव्या घरीच बनवल्या. ४ मे १९७५ रोजी हिमस्खलनात त्यांची छावणी गाडली गेली. त्यानंतर बाराच दिवसांनी आंग त्सेरिंग शेर्पांच्या सोबतीने ताबेई शिखरावर पोचली. एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारी ही पहिली बाई. २३ मे १९८४ रोजी आपली बचेंद्री पाल तिथे पोचली.

ज्या सुईदोऱ्याला 'बायकी काम' म्हणून हिणवले जाते, त्यानेच एव्हरेस्टची तयारी झाली, याचा अभिमान वाटतो. पण जिद्दीचे कौतुक करताना एक गोष्ट विसरायला नको. या बायकांना सारे घरी शिवावे लागले, कारण त्यांच्या मोहिमेवर पैसा लावायला फारसे कोणी तयार नव्हते.

मी ज्या सफाई कामगार बायकांबरोबर काम करते, त्यांना पुरुषी मापाचे गमबूट मिळतात. पुढे चिंध्या कोंबून त्या दिवसभर चालतात, घसरतात, आणि मग 'बायकांना बूट नकोच असतात' असा शेरा कागदावर येतो. बाईला काम झेपत नाही असे म्हणण्याआधी तिच्या हातापायांत काय दिले आहे, ते कोणी पाहतच नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला आपापल्या गटात मापाची फीत घेऊन बसू या. बूट, हातमोजे, विळे, गणवेश, सगळ्यांची मापे घेऊ, आणि मागणीपत्राला तीच यादी जोडू.